पाकिटावरील मायना

पंचांगाच्या हिशेबाने कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की मुहूर्तांचा मार्ग मोकळा होतो. परंतु वऱ्हाडातील कास्तकाराचे पंचांग कापसाच्या शेवटच्या वेचणीवर, तुरीच्या खळ्यावर आणि बाजारातून हाती पडणाऱ्या रकमेवर चालत असल्यामुळे बुलढाणा जिल्ह्यात लग्नांची खरी दाटी उन्हाळ्यातच होते, आणि त्या दाटीच्या महिनाभर आधी प्रत्येक लग्नघरी एक असे काम उपस्थित होते की ज्याचा उल्लेख मंडप, आचारी, वाजंत्री आणि दागिने यांच्या यादीत कोठेही नसतो, परंतु जे चुकले तर बाकी सर्व यथासांग होऊनही कार्याला बोल लागल्याखेरीज राहत नाही. ते काम म्हणजे छापखान्यातून आलेल्या पत्रिकांवर नावे टाकणे. पत्रिका छापील असते आणि तिच्यातील मजकूर सर्वांना सारखाच असतो. माथ्यावरील गजानन महाराजांच्या नावापासून तो तळाशी बोबड्या बोलात आग्रह करणाऱ्या बालगोपाळांच्या यादीपर्यंत तिच्यातील एकही अक्षर कोणा एकासाठी म्हणून लिहिलेले नसते. पाकिटावरच्या दीड-दोन ओळी तेवढ्या एका विशिष्ट घरासाठी असतात, आणि म्हणून घेणारा मनुष्य त्याच आधी वाचतो. पुष्कळदा केवळ त्याच वाचतो.

विलायतेत व अमेरिकेत या कामासाठी सुलेखनकार नेमण्याची प्रथा आहे. तेथील प्रतिष्ठित घराण्यांच्या विवाहपत्रिकेला एकात एक अशी दोन पाकिटे असत, बाहेरच्यावर टपालासाठी संपूर्ण नाव व पत्ता आणि आतल्यावर केवळ संबोधन. आणि दोन्हींवरील अक्षर हातचेच असावे, असा शिष्टाचाराचा दंडक होता. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासस्थानी तर सुलेखनाचे स्वतंत्र कार्यालय असून मेजवान्यांच्या निमंत्रणांचे लेखन तेथील पगारी लेखकांकडे असते. मुंबई-पुण्यातही पाकिटामागे दर ठरवून सुलेखनकाराकडून नावे घालून घेणारी घरे आता निघाली आहेत, आणि तेथे शिकणारी वा नोकरी करणारी मुले ही हौस सुटीत घरी येताना बरोबर घेऊन येतात. त्यांना वाटते की आपण गावात काही नवे आणले. वास्तविक या जिल्ह्यात पाकिटे लिहिण्यासाठी माणूस बोलावण्याची चाल फार जुनी आहे. फरक इतकाच की, त्या माणसाची पारख त्याच्या अक्षरावरून फारशी होत नसे. अक्षर सुवाच्य असले की पुरे. त्याला बोलावीत ते त्याच्या माहितीसाठी, आणि हे काम मुळात माहितीचे आहे, वळणाचे नव्हे, असे या विषयाचा थोडाफार मागोवा घेतल्यानंतर माझे मत झाले आहे.

जिल्ह्याचे दोन भाग लोक बोलण्यातच पाडतात: घाटावर आणि घाटाखाली. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार आणि दोन्ही ‘राजा’, म्हणजे देऊळगाव व सिंदखेड. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा मुलूख. घाटावरच्या खेड्यांत हे काम पटवाऱ्याकडे किंवा शाळामास्तराकडे जाई. तालुक्याच्या ठिकाणी कचेरीबाहेर झाडाखाली पेटी मांडून बसणारा अर्जनवीस ते करी. घाटाखाली, विशेषतः कापसाच्या पेठेमुळे अडतदुकानांनी गजबजलेल्या खामगावात, दुकानाचा मुनीम हा या कामाचा स्वाभाविक अधिकारी मानला जाई, कारण गिऱ्हाइकांच्या गावांची, त्यांच्या भावकीची आणि ऐपतीची जी नोंद त्याच्या डोक्यात असे ती यजमानापाशीही नसे. पटवाऱ्याची गोष्ट तर याहून सरस. कोणते दोन भाऊ अजून एका चुलीवर जेवतात, कोणत्या खात्याची वाटणी होऊन फेरफार नोंदला गेला, आणि कोणत्या घरात वाटणी कागदावर न होताही मधली भिंत उभी राहिली, हे सर्व त्याच्या दप्तरात किंवा दप्तराबाहेर त्याला ठाऊक असे. दोन भाऊ वेगळे झाले असता दोघांत एक पत्रिका गेली, तर धाकट्याचा अपमान. वेगळे झाले नसता दोन गेल्या, तर घर फोडल्याचा ठपका यजमानावर. असल्या प्रसंगी सुंदर अक्षर काही कामाचे नसते.

या व्यवहाराची मुळे दूरवर गेलेली आहेत. लोणारचे दैत्यसूदनाचे देवालय आणि मेहकरची जुनी धर्मशाळा यांना लोक ज्या हेमाडपंताचे नाव देतात, तो हेमाद्री देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या लेखनविभागाचा प्रमुख होता. मोडी लिपीचे श्रेयही परंपरा त्यालाच देते, आणि कोणाला पत्र लिहिताना कोणता मायना योजावा याचे नियम सांगणारे ‘मेस्तक’ही त्याच्याच नावावर चालते. श्रेयाचा वाद इतिहाससंशोधकांनी मिटवावा; आपल्याला एवढे पुरे की देवळे, लेखणी आणि मायना या तिन्हींचा संबंध लोकस्मृतीने एकाच पुरुषाशी जोडला. पुढे शिवाजीमहाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या वळणाला चिटणीशी हे नाव पडले, आणि पेशवाईच्या दप्तरांत मोडीचे वळण नजर ठरावी इतके सफाईचे झाले. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे जोडीत बोरू धावत नेई. बाळबोधीत शब्द आधी लिहून मग त्याच्या माथ्यावर रेघ द्यायची. हा क्रम पालटल्यामुळे गती कमी झाली, पण नाव लांबून वाचता येऊ लागले, आणि पाकिटाला लांबूनच वाचता यावे लागते.

मायन्याचा पसारा त्या काळी मोठा होता. वेदशास्त्रसंपन्न, राजमान्य राजश्री, तीर्थरूप, तीर्थस्वरूप, चिरंजीव, हरिभक्तपरायण, सौभाग्यवती, गंगाभागीरथी अशी एक चढती-उतरती सोपानपरंपराच होती, आणि पायरी चुकणे हा शिक्षापात्र नसला तरी लक्षात ठेवण्याजोगा गुन्हा होता. आज ‘रा. रा.’ गेले, ‘वे. शा. सं.’ कीर्तनाच्या फलकावरसुद्धा क्वचित दिसते, ‘ह. भ. प.’ मात्र वऱ्हाडात टिकून आहे, कारण शेगावची पायी वारी आणि गावोगावचे हरिनाम सप्ताह यांनी त्याला रोजच्या व्यवहारात ठेवले. माळकरी गृहस्थाच्या नावामागे ही तीन अक्षरे न पडली, तर तो स्वतः काही म्हणणार नाही, पण त्याच्याबरोबर बसणारे टाळकरी अवश्य म्हणतील.

या जुन्या शिष्टाचाराबद्दल हळहळ व्यक्त करण्याची एक रीत पडून गेली आहे, आणि ती मला सर्वस्वी मान्य नाही. ज्या पाकिटावर हे बारकावे इतक्या काळजीने सांभाळले जात, त्याच पाकिटावर विधवा आजीचे नाव बहुधा नसे. घर तिने उभे केलेले असले तरी पत्रिका कर्त्या मुलाच्या नावे जाई, आणि नाव पडलेच तर त्याच्यामागे ‘गं. भा.’ ही तिच्या दुःखाची पाटी लावून पडे. गावकुसाबाहेरच्या वस्तीला तर पाकीटच जात नसे. तिकडे तोंडी सांगावा. लिहिणारा गुरुजी त्याच वस्तीतील मुलांना शाळेत मुळाक्षरे गिरवायला लावी आणि संध्याकाळी यजमानाच्या ओसरीवर बसून त्यांच्या बापांची नावे यादीत नसल्याचे मुकाट्याने पाहत असे. आज ‘श्रीमती’ आणि ‘श्री.’ या दोन उपपदांवर बहुतेक पाकिटे निभावतात हे नुकसान आहे, असे म्हणणाऱ्याने त्या नुकसानीचा जमाखर्च नीट मांडावा.

१८५३च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १८५४ रोजी, हिंदुस्थानभर अंतराचा विचार न करता अर्ध्या आण्यात पत्र पोहोचवण्याची योजना सुरू झाली, आणि १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. तत्पूर्वी लग्नाचे आवतण माणूस घेऊन जाई. गावात वारीक अक्षता घेऊन दारोदार फिरे आणि घराण्याच्या लायकीप्रमाणे एकट्याचे, जोडप्याचे किंवा चूलबंद आवतण सांगे. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटायची नाही, सर्वांनी यायचे. तोंडी आवतणातील ही अचूक प्रतवारी पुढे पाकिटावर उतरली: नुसते नाव, ‘सौ. व श्री.’, ‘व परिवार’, ‘सहकुटुंब सहपरिवार’. शब्द सौम्य दिसतात. पण ‘परिवार’ हा शब्द गाळल्यावरून ज्यांनी पंगतीला पाठ फिरवली, अशी घरे कोणत्याही मोठ्या गावात सापडतील.

टपालाने एक नवी अडचण निर्माण केली. पत्र आणणाऱ्याला घर ठाऊक, पण घरात वाचणारा कोणी नाही, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी होती. तिच्यावर लोकांनी खुणेचा तोडगा काढला. मृत्यूचे कार्ड कोपरा फाडून पाठवीत आणि लग्नाच्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटे लावीत, त्यामुळे पोस्टमन अंगणात शिरताच, अक्षर एक न वाचता, घरातील बाईला पदर डोळ्यांना लावायचा की कुंकू हाताला लावायचे हे कळे. पाकीट चिकटवत नसत. झाकण आत खोचून वर ‘बुक पोस्ट’ असे लिहीत, कारण उघड्या छापील मजकुराला सवलतीचा दर मिळे. गुरुजींच्या हातून एक शब्द प्रत्येक पाकिटावर न चुकता पडत असे, तो हाच.

पत्त्याचे म्हणाल, तर हा जिल्हा लेखकाची परीक्षा पाहणारा आहे. नुसते ‘देऊळगाव’ लिहिले, तर देऊळगाव राजा, देऊळगाव मही की मेहकर तालुक्यातील देऊळगाव साकर्शा, हे कोणी ठरवायचे? पिंपळगावांचे तसेच: खामगावकडे पिंपळगाव राजा, जळगाव जामोदकडे पिंपळगाव काळे, मोताळ्याकडे पिंपळगाव देवी. ‘जामोद’ गाळले की पत्रिका खानदेशातल्या जळगावला जाते, ‘राजा’ गाळले की सिंदखेडचे पाकीट धुळ्याकडच्या शिंदखेड्याच्या रस्त्याला लागण्याचा संभव, आणि मलकापूर तर कऱ्हाडजवळही आहे व कोल्हापूर जिल्ह्यातही. म्हणून ‘मु. पो. ता. जि.’ ही चौकडी येथे जितक्या निष्ठेने पाळली जाते तितकी शहरात पाळली जात नाही. या गोंधळावर देशव्यापी उपाय काढला तो एका मराठी माणसाने. डाक-तार खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कचेरीचे. त्यातही गंमत अशी की, महसुलाचा एक जिल्हा टपालाच्या दोन भागांत पडला: बुलढाणा ४४३००१, तर शेगाव ४४४२०३ आणि खामगाव ४४४३०३. जुन्या लेखकांना हे आकडे तोंडपाठ असत. नव्या पिढीला ते शोधून मिळतात, आणि पुष्कळदा ती शोधायचे विसरते.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे येतो, कारण येथे कारागिरीला थोडी जागा आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर वाटोळे व सरळ असावे, ओळी समांतर जाव्यात, शाई काळीभोर असावी, आणि ग्रंथाच्या आरंभापासून अखेरपर्यंत सर्व लेखन एकाच लेखणीने केल्यासारखे दिसावे, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. पाकिटांना यातील शेवटचे कलम अक्षरशः लागू पडते. तीनशे पाकिटे लिहिताना पहिल्या पंचवीसांत हात जड असतो, शंभरावर तो वळणावर येतो, दोनशेनंतर वेलांट्या आखडू लागतात आणि शिरोरेखा चढणीला लागते; आणि दुर्दैव असे की, यादीच्या अखेरीस बहुधा मुलीच्या सासरची नावे असतात, जी सर्वांत नीट पडायला हवीत. घाटावरच्या एका गावी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक मला भेटले, ज्यांनी आपल्या गावची बहुतेक लग्ने पाकिटांतून पाहिली आहेत. ते व्याह्यांची पाकिटे मध्यावर घेतात, हात तापलेला पण दमलेला नाही अशा वेळी. सुलेखनाच्या कोणत्याही वर्गात ही युक्ती शिकवीत असतील असे वाटत नाही.

लेखणीचा इतिहास येथे थोडक्यात सांगता येतो. बोरू गेला, टाक आला; टाकानंतर फाउंटन पेन, मग बॉलपेन, मग चकाकणाऱ्या शाईचे जेल पेन. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्यांचा धंदा सुरू केला, ज्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली. पुडी पाण्यात कालवून दौत भरणारे हात अजून काही घरांत आहेत. देवनागरीसाठी तिरप्या कापाची निब लागते, आणि तो काप रोमन अक्षरांच्या निबेच्या नेमका उलट दिशेचा असतो. त्यामुळे विलायती पेन हाती घेऊन मराठी नाव घालू पाहणाऱ्याच्या रेषा जिथे जाड हव्यात तिथे बारीक होतात. शुभकार्याला काळी शाई नको म्हणून निळी, हिरवी किंवा लाल वापरण्याचा परिपाठ. परंतु खरा घोटाळा हल्लीच्या पाकिटांनी केला आहे. साधा कागद शाई पितो; चकचकीत, मखमली किंवा गर्द तांबड्या पाकिटावर ती पसरते, पुसते किंवा धरतच नाही. मग सोनेरी जेलने नाव घालतात. दिव्याखाली ते राजेशाही दिसते आणि संध्याकाळच्या उजेडात सायकलवरून उतरलेल्या टपालवाल्याला त्यातले एक अक्षर दिसत नाही. पाकीट निवडताना नावे टाकणाराला विचारण्याची पद्धत ज्या घरांत आहे, ती घरे शहाणी.

कामाचा आरंभ लेखणीने होत नाही, वहीने होतो. मागच्या लग्नातील आहेराची वही काढली जाते, कारण निमंत्रितांची तिच्याइतकी विश्वसनीय यादी जगात दुसरी नाही. कोणी किती दिले, कोणी पातळ दिले, कोणी भांडे दिले, कोणी आले पण काहीच दिले नाही, हे सर्व त्यात एकाखाली एक असते. लेखक नावे वाचीत जातो, यजमान ‘हो’ म्हणतो, यजमानीण आतून दुरुस्ती सांगते. वाचताना जे नाव येताच घरात शांतता पसरते ते निवर्तलेले असते, आणि लेखकाने ते यजमानाच्या आधी ओळखून पुढे सरकायचे असते. मेलेल्या माणसाच्या नावे लग्नाचे पाकीट जाणे, याइतका मोठा प्रमाद या धंद्यात नाही. म्हणून भाडोत्री, परगावचा, केवळ अक्षराचा धनी असलेला लेखक या बैठकीत उपरा ठरतो. त्याला जशी यादी द्यावी तशी तो उतरवतो. शहरातून सुलेखन करवून आणलेल्या एका गठ्ठ्यात सख्ख्या मामाचे पाकीट केवळ ‘श्री.’ने सुरू झाल्याचे एका लग्नघरी कळले. अक्षर अप्रतिम होते, पण वधूच्या आईने ते उलटे करून ठेवले आणि गुरुजींकडून दुसरे लिहवून घेतले.

पूर्वी या कामाचे मोल रोख रकमेत होत नसे. मंडपात मानाच्या वेळी टॉवेल-टोपी आणि नारळ, आणि पंगतीत आग्रहाचा बुंदीचा लाडू. पैसे पुढे करणे हे गुरुजींनाही नको असे आणि यजमानालाही लाज वाटे. पण म्हणून ते काम फुकट होते असे कोणी समजू नये. पटवाऱ्याच्या उपकाराची फेड शेतातल्या हरभऱ्याने होई, मास्तरांची दुधाच्या चरवीने. आज टॉवेल-टोपी चालूच आहे, शिवाय पाकिटामागे काही रुपये घेणारे लोकही झाले आहेत, आणि त्यात मला वावगे काही दिसत नाही. रोख घेणाऱ्यांत मोठा वाटा पेंटरांचा आहे. दुकानांच्या पाट्या रंगवणारे, लग्नघराच्या भिंतीवर गणपती, भालदार-चोपदार आणि वधूवरांची नावे काढणारे हे कलावंत फ्लेक्सच्या छापील फलकांनी निरुद्योगी केले. त्यांतील काहींनी कुंचला ठेवून पेन उचलले. भिंतीचे काम घेताना पाकिटेही घेतात. त्यांचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा असतो, म्हणजे महाराष्ट्र शासनाने २००९च्या आदेशात मराठीसाठी मान्य केलेला. संगणकावरच्या सर्रास टंकात तो हिंदी घाटाचा निघतो आणि ‘शेगाव’ हे नाव क्षणभर परप्रांतातले वाटते.

छापील चिठ्ठ्या पाकिटावर डकवण्याची सोय आता प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात आहे, आणि फोनवरून पत्रिकेचे चित्र पाठवून मोकळे होणारेही पुष्कळ. दुसरीकडे, मोडीच्या अभ्यासातून पुढे आलेले सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाल्यापासून हातच्या अक्षराला एक प्रतिष्ठेचे वलय आले आहे, आणि चित्रकलेच्या शिक्षकांकडे तालुक्याच्या गावीही मुले कट निबेचे पेन घेऊन येऊ लागली आहेत. याचा परिणाम म्हणून हल्ली सधन घरांत एक तडजोड दिसते. व्याही, पुढारी, साहेब लोक आणि मुलाचे शहरी मित्र अशी शे-सव्वाशे पाकिटे सुलेखनकाराकडे; भावकी, सोयरे आणि गाव गुरुजींकडे; उरलेले फोनवर. यातील कोणत्या गटात आपण पडलो हे पाकीट हाती येताच माणसाला कळते, तेव्हा जुनी प्रतवारी गेली असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

वर उल्लेख केलेल्या निवृत्त शिक्षकांची काम घेताना एकच अट असते. मोबदल्याचे ते बोलत नाहीत, पाकिटांच्या रंगाबद्दलही आता बोलत नाहीत. शेकड्यामागे दहा कोरी पाकिटे जादा दिल्याखेरीज मात्र पेनाचे टोपण काढत नाहीत. यजमान दरवेळी कुरकुर करतो की छापखानेवाला पत्रिका मोजून देतो. हळदीच्या आदल्या रात्री, यादी मिटवून झाल्यावर, आतल्या खोलीतून कोणीतरी विचारते की थोरल्या आत्याच्या नणंदेला पाठवली का, आणि मग ती दहा पाकिटेही पुरत नाहीत.